इथं शून्य

अक्कलकोट रोडची एमआयडीसी. वैशाख.
लाइट दुपारी दोनदा गेली,
तिसऱ्यांदा आली ती नको तेवढी आली.
गड्डम टेक्स्टाइलच्या ऑफिसात जळका वास
आणि सर्व्हरच्या पाठीतलं नेटवर्क कार्ड काळं,
भाजताना तव्यावर विसरलेल्या शेंगेसारखं.

नवी पेठेतून नवं आणलं. साडेसातशे, बिलासकट.
बसवलं. केबलच्या तोंडाशी हिरवा दिवा लुकलुकला.
पण काउंटर मुका, गोडाऊन मुकं,
टॉवेलांच्या चाळीस गाठी टेम्पोत चढून बसलेल्या
आणि चलन निघेना.

जॉबर राजमौळी खांद्यावरून डोकावले:
"कार्ड बदललं म्हणजे डिझाइन बदलणारच की वो.
आमच्या जकार्डचं तसंच असतंय."
मी हसलो नाही.
बरोबर बोलत होते बहुतेक.

जुन्याचं नाव होतं ईथ-शून्य.
हे नवं म्हणत होतं, मी ईथ-एक.
राजमौळी इंग्रजी अक्षरं लावून लावून वाचतात:
"ई, टी, एच... इथं. इथं एक.
मग इथं शून्य कुठं गेलं?"

कुठं जाणार. एका फायलीत राहिलं होतं.
पहिल्याच दिवशी यंत्रानं लिहून ठेवलेलं:
अमुक बारा अक्षरांचा जो कुणी, त्याचं नाव शून्य.
बारा अक्षरं, कार्डाच्या अंगावर जन्मतःच आलेली,
गोंदणासारखी.
आता ते कार्ड माझ्या शर्टाच्या खिशात, मेलेलं,
आणि यंत्र त्याची जागा धरून बसलेलं,
लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पाटावर रुमाल टाकून बसावं तसं.
बाकीचे सगळे शून्यालाच हाका मारतायत.

चौदा नंबरच्या मागावर बावीस वर्षं कनकय्या होता.
मागच्या दिवाळीच्या आत गेला.
त्याच्या जागी आळंदचा बसवंत आला,
तरी राजमौळींची आरोळी तीच: "ए कनकय्या!"
मागांच्या खडखडाटात नवं नाव पोचत नाही, म्हणतात.
पोरगा पहिले काही दिवस ऐकत नव्हता.
आता मान वळवतो.

नव्या यंत्रांत हल्ली वेगळी रीत आहे.
तू कोण, ते विचारत नाहीत,
कुठल्या खाचेत बसलास तेवढं बघतात.
तिसरी गल्ली, शून्यावं घर, झालं नाव.
कुणीही येऊन राहा. पोस्टमनला सोपं.
फक्त शेजारी एखादं नवं बिऱ्हाड आलं
की गल्लीचाच आकडा सरकतो कधी कधी.
मला ती रीत पटते. आवडत नाही.

फाइल उघडली.
जुनी ओळ पुसायची, नव्याच्या ओळीत एकाचं शून्य करायचं,
दोन मिनिटांचं काम.
"काय बघलालाव एवढं?" राजमौळी.
टेम्पोवाला बाहेरून हॉर्न देत होता.
पुसली नाही.
ओळीच्या तोंडाशी जाळीची खूण घातली,
दोन धागे उभे, दोन आडवे,
ताणा-बाणा.
अशी ओळ यंत्र वाचत नाही.
कधी कुणी फाइल उघडली तर माणूस वाचेल.

सर्व्हर बंद केला, चालू केला.
इथं शून्य.
चलन खरखरत बाहेर आलं, टेम्पो गेला,
राजमौळी चहा सांगायला उठले
आणि दारातूनच ओरडले, नेहमीचं.

पिशवी उचलून मी मागांमधून निघालो.
हवेत कापसाची पूड, घामाला चिकटणारी.
चौदा नंबरपाशी थांबलो, म्हटलं, "बसवंत!"
पोराची नजर धाग्यावर.
पुन्हा म्हटलं, पोट लावून.
तेव्हा त्यानं वर बघितलं, आधी माझ्याकडं,
मग मागं वळून,
कुणाला बोलावतोय ते बघायला.