अर्धं सूत

विश्रामबागेतल्या आमच्या शोरूममध्ये
मिरजेहून दस्तगीरचाचा आले,
बगलेत कागदाची सुरळी.
मी सुरू झालो: मिनिटाला पंचवीस पानं,
पाठपोट आपोआप, स्कॅन थेट मोबाईलवर,
साठ हजार प्रतींपर्यंत ड्रमकडे बघायला नको.
चहासारखं ऐकून घेतलं त्यांनी.
मग सुरळी उलगडली.

"कशाचं ड्रॉइंग, चाचा?"
"घोडीचं."
मी हसलो. तेही हसले.
"सतारीच्या. तारा हिच्यावर टेकतात.
अब्बांच्या हातची रेघ. कागद आता घडीवर तुटतोय,
तीन नाती शिकतायत, प्रत्येकीला एक पाहिजे."

काचेखालून उजेड सरकला.
प्रत आली ऊनऊन, काळीभोर,
मुळातल्या रेघेपेक्षा ठळक.
मला वाटलं, झालं काम.
त्यांनी खिशातून तारेचा तुकडा काढला,
आधी मुळावर ठेवला, मग प्रतीवर.
"अर्धं सूत खाल्लं यानं."

दुसरं मशीन, रंगीत. त्यानंही खाल्लं, जरा कमी.
"शंभर टक्केच आहे, चाचा. स्क्रीनवर बघा."
"स्क्रीनवर असेल."

शेवटी कोपऱ्यातलं, पतसंस्थेनं परत केलेलं,
ट्रे तुटका, आवाज पिठाच्या गिरणीचा.
तार बसली.
बारा हजार रोख मोजले, घासाघीस नाही.
टेम्पोत चढवताना पोरांना तेवढं म्हणाले,
"आडवं करू नका रे त्याला."

त्या रात्री शटर ओढण्याआधी
मी माझ्या लग्नाच्या दाखल्याची प्रत काढली,
नव्या, महागड्या मशीनवर,
आणि मुळावर ठेवून ट्यूबलाइटकडे धरली.
सह्या सह्यांवर बसेनात.
केसाएवढंच.