सातवा डबा

बडनेऱ्याच्या फलाटावर पेट्या बदलल्या.
आमच्या तंबूत यायची होती सती आणि तिचा नाग,
आले पत्र्याचे गोल डबे, सात लिहिलेले,
आत रिळं सहाच.
मालक म्हणाले, लावा.
फाटलेल्या तिकिटाचे पैसे परत द्यायची
आपल्यात रीत नाही.

मी सोळा वर्षांचा, जनरेटरला डिझेल पाजणारा.
बाप्ये पडद्यापुढं, बाया पडद्यामागं,
मधे चिंब भिजवलेलं पांढरं मांजरपाट.
त्यावर उगवलं एक कॉलेज,
दिग्रसच्या जिनापेक्षा मोठं,
आणि खांद्यांवर उशा बांधलेली गोरी पोट्टी,
एका लांबट डांगरासाठी
एकमेकांच्या अंगावर पडणारी.

टिकाराम कंपाउंडर भोंगा घेऊन उभा राहिला.
इंग्रजी त्याला यायचं बाटल्यांवरचं तेवढं.
"हा पोट्टा लय दमाचा, पण गनितात नापास!
पास झाल्याबिगर मास्तर खेळू देत नाही!"
नाच सुरू झाला की म्हणायचा,
"वापरण्याआधी नीट हलवून घ्या!"
पडद्यामागून यमुनाबाई उईके ओरडली,
"मंग त्या पोट्टीनंच शिकवावं ना त्याले!"
आणि खरंच, त्या पोरीनं पुस्तक उघडलं.
तंबूभर शिट्ट्या. यमुनाबाईला वाटलं,
तिचं ऐकलं.

पुस्तक बाजूला राहिलं, दोघं गायला लागले.
मग बाकांवर चढून सगळं कॉलेज नाचलं,
बुटांच्या टाचा अशा वाजल्या
की बाहेर बांधलेले बैल उठून उभे राहिले.
कवडू नालबंद पुढं सरकत सरकत
पार पडद्याला नाक लावून बसला.
पायाच बघत होता तो, फक्त पाय.

सहावं रीळ.
सामना, धूळ, घड्याळात थोडं उरलेलं,
नापास पोट्ट्यानं डांगर फेकलं,
ते वर गेलं, अजून वर,
आणि पडदा पांढरा.

मालक म्हणाले, खेळ खलास.
टिकारामनं भोंगा खाली ठेवला,
पहिल्यांदाच त्याच्याकडं अर्थ नव्हता.
बाप्ये म्हणाले, जिंकला.
बाया म्हणाल्या, आम्ही उलट्या बाजूनं पाह्यलं,
डांगर भलत्याच गावाकडं गेलं होतं.
त्या रात्री निम्म्या घरांत
पाठीला पाठ लावून झोपले.

सकाळी नदीच्या वाळूत पोट्ट्यांनी खरं डांगर घेतलं.
तिसऱ्याच झेलीला फुटलं.
खाऊन टाकलं, सामना बरोबरीत.

कवडूनं मात्र चारच दिवसांत
वाहणांना बैलाचे नाल ठोकले.
ग्रामपंचायतीच्या फरशीवर, गाव निजल्यावर,
ठक ठक ठकाठक, मग एकदा पडला,
मग शिवी, मग पुन्हा ठक.
सरपंचानं दवंडी दिली,
रात्री बैल मोकळे सोडू नये.

परवा भाचा म्हणाला, मामा, नाव सांगा,
फोनवर असते सगळं.
नाव? पहिल्या रिळाचा शेंडा उंदरांनी खाल्लेला.
नटीचं? टिकाराम तिला सुमन म्हणायचा.
मग गाणं सांगा.
मी बोटांनी टेबलावर वाजवून दाखवलं.
फोन म्हणाला, समजलं नाही, पुन्हा बोला.

कवडूचे गुडघे गेलेत.
नालांची ती वाहणं दुकानाच्या चौकटीला टांगलेली,
नजर लागू नये म्हणून, असं सून सांगते.
यष्टी थांबली की तो मान वर करतो,
कोण उतरलं ते बघत नाही,
टपावर काय आहे ते बघतो.
"काहून रे, आला का डबा?"
नाही म्हणालो.
"बरं हाये," म्हणतो,
आणि टाच एकदा, हळूच, जमिनीवर मारतो.