कागदाला तांबडं दिसत नाही

डेव्हलपर वीस डिग्रीला लागतो.
कुडचड्यात नळाचं पाणी सकाळीच तीस.
म्हणून मी मासळी बाजारातून बर्फ आणते,
बांगड्यांखालचा, वीस रुपयांचा,
मोठ्या परातीत पसरते, त्यात ट्रे बसवते.
कधी एखादं खवल तरंगत येतं
आणि दिव्याखाली नाण्यासारखं चमकतं.

तुमच्या फोटोंना वास येतो, असं लोक म्हणतात.
येतो. पण तो मासळीचा नव्हे, शिरक्याचा.
ॲसिड संपलं की इनास मास्तर
माडाचा शिरका ओतायचे ट्रेमध्ये.
म्हणायचे, डेव्हलपरला थांबायचं तेवढं कळतं,
आंबट कुठल्या दुकानातलं, ते तो विचारत नाही.

मास्तर गेले, कपाटात तीन डबे ठेवून.
एकात चकचकीत कागद, तीन नंबरचा,
काळा असा देतो की निळा वाटावा.
दुसऱ्यात जाड, सुती, उबदार,
मुदत टळून अकरा वर्षं झालेला, कडांना धुकं धरलेला.
तिसऱ्यावर पेन्सिलीनं, मास्तरांच्याच अक्षरात:
हा वापरू नको.
तो मी उघडलेला नाही.

भागी वेळीप आली ती शनिवारी.
म्हज्या घोवाचो फोटो तुमगेर आसतलो.
होता. बिस्किटांच्या डब्यात,
'सोयरू, ट्रकापाशी' एवढंच पाकिटावर.
खाण चालू होती तेव्हाचा. खांद्यावर टॉवेल,
आणि डोक्यापासून चपलांपर्यंत धूळ.

चकचकीत कागद घेतला. डेव्हलपर कडक, नव्वद सेकंद.
दात पांढरे, भुवया कोरलेल्या,
गालावरची धूळ जणू साबणानं गेली.
उजेडात नेऊन दाखवला.
हो तो न्हय, ती म्हणाली.
चवथीलासुद्धा इतका नितळ नव्हता कधी.

मग दुसरा डबा.
डेव्हलपरमध्ये दुप्पट पाणी, दोन चिमटी ब्रोमाइड,
एक्स्पोजर जवळजवळ तिप्पट, आणि धीर.
एकटीला बाहेर कशाला बसवू, म्हणून तिला आत घेतलं.
दार लावलं. तांबडा दिवा.

या दिव्यात काम करता येतं, मी सांगत राहिले
(अंधारात मला बोलायची खोड आहे),
कारण या कागदाला तांबडं दिसत नाही.
आणि बोलता बोलता गप्प झाले.
या गावात पानं तांबडी होती, कोंबड्या तांबड्या,
दोरीवर वाळणारे शाळेचे गणवेश तांबडे.
इथली लग्नं, बारशी, मयतं,
सगळी आम्ही छापली
या न बघणाऱ्या कागदावर.

दोन मिनिटं काहीच नाही.
मग टॉवेल आला. मग ट्रकाचा नंबर, अर्धा.
मग तो, हळूहळू, पाण्याखालून,
आणि दिव्यामुळे अंगभर तांबडा.
ती वाकली. केस ट्रेत पडतील म्हणून मी तिचा अंबाडा धरला.
हो तो, ती म्हणाली.
नंतर बराच वेळ बर्फ वितळल्याचा आवाज.

शिरका. हायपो. दहा मिनिटं.
मी पांढरा दिवा लावायला हात उचलला
तर तिनं मनगट पकडलं माझं.
ट्रक चालवणाऱ्याच्या बायकोची पकड.

लावावा लागतोच दिवा.
फोटो चांगला उतरला होता, खरं सांगते.
राखाडी उबदार, धूळ जागच्या जागी,
कडांचं धुकंसुद्धा धुळीत खपून गेलं.
मास्तर मान हलवते.
ती मात्र त्याच्याकडे बघत होती
जसं परक्या गावात उतरलेल्या माणसाकडे बघावं.

तासभर धुतला. दोरीला लावला.
ओला फोटो थोडं खोटं बोलतो,
वाळला की एक छटा काळवंडतो.
तेवढं मी आधीच धरून चालले होते.
सोमवारी ती न्यायला आली. पैसे मोजून दिले,
वीसच्या नोटा, पदरातल्या.

दारात थांबून विचारलं,
तो बल्ब कुठं मिळतो?

सावर्ड्याला, मी म्हटलं, कुठल्याही दुकानात.
देवापुढं लावतात ना,
झिरोचा. तोच.