खोलीचा आवाज

फ्रीजची पिन मी आधीच काढून ठेवते
आणि गाडीची किल्ली आत, लोण्याच्या डबीशेजारी,
जाताना फ्रीज चालू करायचं विसरू नये म्हणून.
आमच्या धंद्यातली जुनी युक्ती.

तिल्काबाई सत्त्याण्णवच्या.
कॅमेऱ्यासमोरही मांडीवरची लेसची उशी सोडत नाहीत.
लाकडी दांड्या एकमेकींवर टकटकतात,
माझ्या यंत्राचा काटा प्रत्येक वाक्यात उडतो.
माटेया विचारते, भीती नाही वाटली?
त्या साबणाबद्दल सांगतात,
शाळेत जी बोलली की छडी बसायची त्या भाषेत.
साबण नव्हताच. राख होती.
इद्रियाच्या वरच्या घळीतल्या इस्पितळातून
रात्री पट्ट्या यायच्या, रात्रीच धुवायच्या.
दिवसा ओढा लाल झाला तर
खाली गिरणीपाशी जर्मनांची चौकी.

"एकदा शिपाई माळ्यावर चढले.
इतकी पांढरी फडकी कुणाची?
आई म्हणाली, बाळाची.
आमच्या घरात बाळ नव्हतं."

इथे त्या थांबतात. दांड्याही.

"मग मागच्या दारानं रोझालिया आली.
तिला कुणी बोलावलं नव्हतं.
आपलं पोर माझ्या मांडीत टाकलं,
म्हणाली, घे, भुकेजलंय तुझं,
आणि गेली गोठ्यात, शेण काढायला.
मी सोळा वर्षांची.
पोराला माझा वास ओळखीचा नव्हता.
ते रडलं नाही, एवढंच."

ते पोर आता स्वयंपाकघरात कॉफी करतंय,
एक्क्याऐंशीचं, ओट्याला टेकून.
मी खुणेनं सांगते, कप वाजवू नका.

शेवटी नेहमीचं. एक मिनिट कुणी हलायचं नाही,
मला नुसत्या खोलीचा आवाज हवा असतो,
वाक्यांमधल्या फटी बुजवायला.
लोकांना जमत नाही. कुणी खाकरतं,
माटेयाचा बूट करकरतो.
आज कानांत फक्त घड्याळ, चुलीतलं लाकूड,
आणि जिथे त्यांचा श्वास असायला हवा
तिथे काहीच नाही.

मी म्हटलं, झालं.
खुर्च्या सरकल्या, दिवे विझले, वायरी गुंडाळल्या.
त्या तशाच. तळहात उशीच्या जरा वर, हवेत,
खाली एखादं डोकं निजल्यासारखा.
मग ओठ जेमतेम हलवत:
गेले?

मी हो म्हटलं.

अंगणात गाडीपाशी आल्यावर खिसे चाचपले.
रोझालियाचा मुलगा मागून हळूहळू आला,
मूठ उघडली:
किल्ली, अजून थंडगार.