समुद्रतळाचा राजा

मागणी आली तीन ओळींची:
बुडालेला राजा. वय झालेलं, हार न मानलेला.
निळा शक्यतो टाळा, या संचात निळे फार झालेत.

मग ॲस्टोरियात, आमच्या गॅरेजमध्ये,
मी बाबांना पालथ्या बादलीवर बसवलं.
डोक्यावर बटाटे निथळायची चाळण,
खांद्यावर सौनाचा टॉवेल, हातात मोडकं वल्हं.
दिवा एकच, खाली, पायांपाशी.
"राजांचे गुडघे दुखत नाहीत काय गं, आयली?"
दुखतात. हलू नका.

हार्डबोर्डवर जेसोचे तीन हात,
प्रत्येक हात वाळला की पॉलिश पेपर,
बोटाला अंड्याच्या टरफलासारखा लागेपर्यंत.
त्यावर टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला अंबर:
सगळी फळी गढूळ, नदीच्या मुखासारखी.
आता रंगवायचं नाही. चिंधी घ्यायची
आणि पुसत पुसत उजेड वर काढायचा.
कपाळ आलं. गालाचं हाड आलं.
विंचमध्ये सापडलेल्या अंगठ्यावरचा
तो वाकडा वण आला.

रंग नंतर.
खालचा उजेड कोमट, म्हणून सावल्या गार.
निळा नको होता, तर काळ्यात पिवळा कालवला;
हिरवा निघाला,
धक्क्याच्या खांबांना ओहोटीत दिसतो तो.
जवसाच्या तेलात सैल करून
वाळलेल्या चेहऱ्यावरून त्याचा एक पदर ओढला.
चार दिवस थांबले. दुसरा.
तिसऱ्या पदराला बाबा पाण्याखाली गेले.

ब्रश खाली ठेवला.
स्वयंपाकघरातून त्यांचा खोकला ऐकू येईपर्यंत
उचलला नाही.

माझ्याकडे एक भिंग आहे, लहान करून दाखवणारं.
त्यातून हातभर चित्र काडेपेटीएवढं होतं,
आणि काडेपेटीत वण मावत नाहीत.
मुकुटाची मोडकी कड, एक डोळा, बस्स.
म्हणून सगळ्यात काळं आणि सगळ्यात पांढरं
त्या डोळ्यापाशीच भेटवायचं;
बाकीच्या कडा धुक्यात हरवल्या तरी चालतात.
तरी तो वण मी केला,
तीन केस उरलेल्या ब्रशने, श्वास रोखून.

आठ महिन्यांनी पत्ता छापून आला.
छातीखालचा राजा नियमांच्या चौकटीने झाकलेला.
पोर्टलंडच्या दुकानात पोरं त्याला फेकतात,
हल्ला करायचा तर आडवा करतात,
मेला की उचलून ढिगात टाकतात.

बाबांनी चष्मा पुसला. चित्र पाहिलंच नाही,
कोपऱ्यातला आकडा वाचला.
"ताकद चार?"
चार बरीच असते, बाबा.
"शहात्तरच्या हंगामात मी एकट्याने..."
ते थांबले. पत्ता नीट धरायला
त्यांनी त्यावर अंगठा ठेवला,
तेव्हा राजा, मुकुट, सगळं पाणी
त्याखाली गेलं. वण तेवढा वर राहिला.

आता तो त्यांच्या पाकिटात असतो,
मासेमारीच्या संपलेल्या परवान्यामागे.
बँकेतल्या बाईंना दाखवतात.
चार आहे, म्हणतात, पण आडवा केला तर बघा.