छाट

निपाणीत तेव्हा संध्याकाळ
भिजवलेल्या पानांच्या वासाची असायची.
हजार भरल्याशिवाय आमच्या आयांच्या मांडीवरनं
सूप उतरत नसे.
म्हणून गल्लीतली आम्ही सात पोरं
लगमाक्काच्या सोप्यात.
लगमाक्का अकरा वर्षांची.
कातरीनं पान कापता कापता गोष्ट सांगायची.

डोंगरापल्याड एक गाव हाय बघा,
तिथं पोरं वाढतच न्हाईत.
चड्डी आखूड होत न्हाई, दात पडत न्हाई,
मास्तर न्हाई, चेकर न्हाई.
कुठली पोरं? मोजताना सुटलेली.
छाट काढलेल्या विड्यांगत
कुणाच्याच कट्ट्यात न बसलेली.
दिवसभर राज्य करत्यात, वाघाला अरे म्हणत्यात,
पण दिवा मालवला की
दाराला कडी कुणी लावायची
यावरनं रोज मारामारी.

मग एका रात्री ती उडत आली,
तवंदीच्या घाटावरनं, तंबाखूच्या वखारीवरनं,
आणि एका पोरीला म्हणाली,
चल, तुला राणी करतो.
पोरगी गेली.
मुकुट मागितला तर हातात सुईदोरा.

इथं लगमाक्का थांबायची.
दातानं विडीचा दोरा तोडायची.
मग सगळं सांगायची, सावकाश, एकेक:
उसवलेल्या बाह्या,
फुटलेल्या गुडघ्यावर चुन्यात कालवलेली हळद,
ज्याला नाव नाही त्याला नाव,
ज्याला नाव आहे त्याला लाडाचं दुसरं.

"आणि तिला कोण झोपवतं गं?"
एकदा मी विचारलं. मी भरमा, सगळ्यांत बारका.
कातर थांबली.
"ती झोपत न्हाई."
"का?"
"गप बस. पानं वाळूलीत."

आता मी गडहिंग्लज आगारात कंडक्टर.
दिवसभर माणसं मोजतो.
परवा संकेश्वरला गाडी बिघडली,
आठवलं, इथंच तिचं सासर.
दार तिनंच उघडलं. केस पांढरे,
कडेवर नातू, कानडीत रडणारा.
मला पस्तीस वर्षांनी बघून पहिला प्रश्न,
"जेवलास काय?"

गोष्ट काढली तर म्हणाली, "मी? कवा?"
मग मीच सांगत सुटलो.
ती पुढ्यात ओल्या शेंगा घेऊन फोडत बसली.
डोंगरापल्याडचं गाव, मोजणीतली चूक,
ती सात पोरं...
"आठ," ती खाली बघूनच म्हणाली.
"आठ होती. कंडक्टर न्हवं तू?"

मी मनात मोजली.
दगडू, परशा, नागेश, दोन्ही कल्लाप्पा, सुबी, मी.
परत मोजली.
काही बोललो नाही. पुढं सांगत राहिलो,
घाट, वखार, राणी, मुकुट,
आणि सुईदोऱ्यापाशी आलो तेव्हा
शेंग तिच्या बोटांत अर्धी फुटलेली,
डोकं भिंतीला टेकलेलं,
तोंड जरासं उघडं.

मी थांबलो.
पुढचं मला येतच नव्हतं.
आम्ही सगळे इथंच कुठंतरी झोपायचो,
ती पोरगी घरी परत गेली का
हे आमच्यातल्या एकानंही ऐकलेलं नाही.

नातू सरकत माझ्याजवळ आला होता.
रडणं विसरलेला.
"मुंदऽ?" त्यानं हळूच विचारलं.

मी उठलो
आणि दाराला कडी लावली.