डबल बेल

एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल.
एकोणीस वर्षं घणसोली डेपोत
ही भाषा माझ्या हातात होती.
आता आतून कुणीतरी परस्पर
डबल बेल देतं,
तुर्भे नाक्याच्या पुलावर,
निम्मी तिकिटं काढायची बाकी असताना.

मी पाणीच सोडलं होतं.
सकाळच्या पाळीला चार घोट.
डॉक्टर निमकर म्हणाल्या, चूक.
तहानलेली पिशवी जास्त चिडते.
पाणी प्या, चहा सहाचे दोन करा,
आणि तीन दिवस लिहून आणा :
किती वाजता, किती मिली, किती घाई,
पोचेपर्यंत राहिलं का.

जन्मात पहिल्यांदा रोजनिशी लिहिली, ती ही.
डाळ मोजायचा मग तिच्यापायी गेला.
नवऱ्याने काही न विचारता
दुसरा आणून ठेवला.

वाशीला शीजा नावाची मुलगी व्यायाम शिकवते.
आवळा, धरा, दहा मोजा, सोडा.
घाई आली की पळू नका,
जागच्या जागी उभ्या राहा, लाट ओसरते.
म्हटलं, बाई, उभं राहण्याचाच पगार घेते मी.
ती हसली. मीही,
पण जपून.

आधी पाच मिनिटं जमली, मग सात :
जुईनगर ते नेरूळ.

गोळीने तोंडाला कोरड,
‘पुढे सरका’ म्हणताना जीभ टाळूला चिकटायची.
ती बदलली. नवीवर बी.पी. बघत राहायचं.
हिनेही नाही भागलं तर घोट्याजवळ बारीक सुई,
आठवड्याला अर्धा तास, बारा आठवडे.
नाहीतर थेट पिशवीत इंजेक्शन,
मग कधी कधी नळीने रिकामी करावी लागते,
हे बाईंनी आधीच सांगितलं,
पेन खाली ठेवून.

त्या कागदावर किल्ली मात्र नव्हती.

शेवटच्या स्टॉपवर संडासाला कुलूप,
किल्ली कंट्रोलर भोपींच्या खिशात,
आणि भोपी चौघांत बसून विचारणार :
‘परत?’
त्या एका शब्दाला मी
किती वर्षं एक बेल समजले.

मागच्या बुधवारी किल्ली मागितली
आणि तशीच कोपरखैरण्याला नेली.
चावीवाल्याने तीन घासून दिल्या.
एक माझी. एक वैजयंताची.
एक त्या नव्या पोरीची,
जी पाळीभर पाणी पीत नाही
आणि अजून
कुणाला काही बोललेली नाही.